दहा हजार लुमेनची बॅटरी

डिंगोऱ्यात विजेरीला कोणी विजेरी म्हणत नाही. ती बॅटरी. आत घालायचा तो सेल, आणि सेल चार्जिंगचा असला तर पुन्हा तीही बॅटरी. कशाबद्दल बोलणं चाललंय ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं. पौषातल्या एका शनिवारी सदरकार पुण्याहून गावी पोचला, तेव्हा त्याचे चुलते नाना ओसरीवर बसून नव्या बॅटरीचा झोत समोरच्या भिंतीवर मारत होते. काळी, ॲल्युमिनियमची, तोंड पुढेमागे सरकवून झोत लहानमोठा करता येणारी. आळेफाट्यावरून साडेतीनशेला आणलेली. खोक्यावर छापलं होतं : टी-6, 10000 लुमेन, 2000 मीटर, सेल 6800 एमएएच. छापील किंमत 1999.

पंचाईत अशी की सदरकाराच्या पिशवीतही जवळजवळ तशीच बॅटरी होती. तीच काळी नळी, मुठीत धरायच्या जागी तशीच चौकटीची नक्षी, मागे तसंच रबरी बटण. हिच्यासाठी त्याने साडेपाच हजार मोजले होते आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं. नानांच्या बॅटरीवरचं नाव हिच्या नामांकित कंपनीच्या नावापेक्षा एका अक्षराने वेगळं होतं. सरकतं तोंड तेवढं नकलेने पदरचं घातलेलं.

“ही केवढ्याला?” नानांनी विचारलं.

“ऑफिसातून मिळाली,” तो म्हणाला. हे वाक्य पुढे महागात पडलं.

शहरात बॅटरी महिन्यातून एकदा फ्यूज बघायला लागते. इथे ती पायताणासारखी रोजची. शेतीपंपाची तीन फेजची लाईट आठ तास, काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, पण त्या आठवड्यात नानांच्या फीडरची पाळी रात्रीचीच होती. म्हणजे कांद्याला पाणी रात्री, गव्हाला पाणी रात्री, दारं धरायला माणूस रात्रीच बांधावर. शेजारी पुरुषभर उंचीचा ऊस, आणि उसात बिबट्या. जुन्नर तालुक्यात हे नवं नाही. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तिघांचा जीव गेला आणि लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. रात्री बाहेर पडताना हातात बॅटरी नि काठी ठेवा, मोबाइलवर गाणी लावा, हे वन खात्याचं सांगणं आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. त्यामुळे बॅटरीच्या खोक्यावरचा आकडा हा इथे नुसत्या हौसेचा मामला नाही.

डिप्लोमा करणारा पुतण्या म्हणाला, “काका, दोन्हींची परीक्षाच घेऊ.” त्याच्याकडे सेलमध्ये किती करंट गेला ते दाखवणारा बारक्या स्क्रीनचा चार्जर होता. मोबाइलमध्ये उजेड मोजायचं ॲप उतरवलं. वजनकाटा स्वयंपाकघरातून आला.

आधी सेल. दोन्हींत एकाच मापाचा, 18650 नावाचा. नावातच माप आहे : 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांत हेच सेल असायचे. चांगल्या कंपनीचा सेल साधारण 45 ते 48 ग्रॅम भरतो आणि एवढ्या डब्यात फार तर साडेतीन हजार एमएएचच्या आसपास वीज मावते. नानांच्या सेलवर 6800 लिहिलेलं. तो काट्यावर ठेवला : 29 ग्रॅम. काकूंनी काटा खराब आहे का म्हणून शंभर ग्रॅमची चहाची पुडी ठेवून पाहिली. काटा बरोबर होता. पूर्ण रिकामा करून चार्ज केल्यावर स्क्रीनवर आकडा आला 1050. भारतात लिथियम सेल विकायचा तर आयएस 16046 या मानकाखाली बीआयएसकडे नोंदणी सक्तीची आहे आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक वर हवा. इथे क्रमांक नव्हता. वाघाचं चित्र मात्र होतं.

मग पुतण्याने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. 1050 एमएएच गुणिले 3.7 व्होल्ट म्हणजे जेमतेम 3.9 वॉट-तास. एलईडी एका वॉटला शंभर लुमेन देतो असं धरलं, तर या सेलातून खरोखरच 10000 लुमेन काढायला शंभर वॉट लागतील आणि बॅटरी अडीच मिनिटांच्या आतच विझेल. शिवाय त्यासाठी सेलमधून 27 अँपिअर ओढावे लागतील, ते वेगळंच. “म्हंजी पंप चालू करायला जाईस्तोवर,” नाना म्हणाले.

टी-6 ही तर आणखी मौज. ही अक्षरं आज रस्त्यावरच्या निम्म्या बॅटऱ्यांवर दिसतात, आणि ते ना कंपनीचं नाव आहे ना मॉडेल. क्री या अमेरिकी कंपनीने 2010 साली एक्सएम-एल नावाचा एलईडी आणला. कारखान्यातून निघालेले चिप सारखेच तेजस्वी नसतात, म्हणून उजेडाप्रमाणे त्यांची प्रतवारी करतात. त्यातली एक प्रत टी-6 : 700 मिलिअँपिअरवर किमान 280 लुमेन. ओतूरच्या बाजारात कांद्याचा गोळा, सुपर, गोलटी, बदला लावतात, तसलाच हा प्रकार. एखाद्याने गोणीवर नुसतं ‘सुपर’ लिहून आत बदला भरावा, तसं या अक्षरांचं झालं आहे. क्रीच्या वरच्या प्रतींचे चिप पुढे कितीतरी आले, पण बाजाराला टी-6च पाठ.

रात्री नऊला सगळे पंपघराशी जमले. भिंतीपासून पाच मीटर मोजून दोन्ही बॅटऱ्या एका रिकाम्या क्रेटवर ठेवल्या आणि मोबाइल भिंतीला टेकवला. नानांची, तोंड पूर्ण ओढून : 200 लक्स. सदरकाराची, मोठ्यावर : 560. मोबाइलचा आकडा अचूक नसतो, पण दोन्हींना मोबाइल एकच होता. 2009 साली अमेरिकेत बॅटऱ्यांसाठी एफएल-1 नावाचं मानक ठरलं. त्यात पल्ला म्हणजे उजेड पाव लक्सवर, साधारण निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका, येतो ते अंतर. त्या हिशेबाने नानांच्या बॅटरीचा पल्ला निघाला 141 मीटर, दुसरीचा 237. खोक्यावरचे 2000 मीटर गाठायचे तर झोताच्या तीव्रतेचे दहा लाख कँडेला लागतात. नानांच्या बॅटरीत होते पाच हजार.

पण खरं सांगायचं तर पहिल्या दहा मिनिटांत ही नक्कल वाईट नव्हती. शंभर मीटरवर बाभळीला खताची पांढरी गोणी टांगली होती, ती दोघींतही दिसली. नानांच्या झोताची गंमत म्हणजे भिंतीवर गोल नाही, चौकोन उमटत होता. तो साक्षात आतल्या चिपचा फोटो. त्यावरच्या बारीक रेघासुद्धा दिसत होत्या. भिंगाने सगळा उजेड त्या चौकोनात कोंडलेला, पायाखाली मात्र अंधार. बांधावरून चालणाऱ्याला विंचू-काटा पायाशी बघायचा असतो, त्याला हे कामाचं नाही. दुसरीत भिंग नव्हतं, खोलगट आरसा होता : मधे झोत आणि भोवती फिकट कडं, दोन पावलं पुढचं आणि शेवटच्या वाफ्यातलं एकाच वेळी दिसणारं.

अस्सल बॅटरी आता दुसऱ्या गिअरवर टाकली, म्हणजे दोघींचा उजेड सारखा झाला, आणि दोन्ही जळत ठेवल्या. नानांची दहा मिनिटांनी 150वर. अर्ध्या तासाने 95. तासाने 40. एक तास दहा मिनिटांनी विझली. हात लावला तर डोकं कोमट, म्हणजे चिपची उष्णता बाहेरच्या ॲल्युमिनियमपर्यंत नीट पोचतच नव्हती. दुसरी तीन तास 215च्या आसपास धरून राहिली, मग सेल संपत आल्याचं सांगायला दोनदा डोळा मिचकावून खाली उतरली. दुकानातली बॅटरी विकत घेणारा ती भिंतीवर अर्धा मिनिट मारून बघतो, आणि नक्कल करणाराही बहुधा तेवढ्या अर्ध्या मिनिटासाठीच ती बनवतो. दारं धरणाऱ्याची गरज रात्री दोननंतरची.

ती कशी, हे त्याच रात्री दिसलं. परत चार्ज केलेली नानांची बॅटरी घेऊन पुतण्या दारं बदलायला गेला. तासाभराने उसाच्या कडेला दोन डोळे चमकले. मांजराच्या, कुत्र्याच्या, गुरांच्या आणि बिबट्याच्याही डोळ्यांमागे आरशासारखा पडदा असतो. मंद उजेडातही तो लखलखतो. मरत्या बॅटरीचा घोळ असा की ती डोळे दाखवते आणि धड दाखवत नाही. पुतण्या जागीच उभा. मोबाइलवर गाणं लावायचं तर फोन पंपघरात भिंतीला टेकवलेला. मागून सदरकाराने तशीच परत चार्ज केलेली दुसरी बॅटरी मोठ्यावर मारली, तेव्हा डोळ्यांखाली पांढरी छाती आणि हलणारी शेपटी दिसली. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं. सगळे हसले, पण पुतण्या बांधावरून परत येईपर्यंत कोणी झोत हलवला नाही.

नकलेची ही भानगड जुनीच. अमेरिकेत टोनी मॅग्लिका यांनी 1979 साली मॅगलाइट बाजारात आणली. तिच्या इतक्या नकला निघाल्या की बॅटरीचा आकार हाच आमचा ट्रेडमार्क म्हणून कंपनी कोर्टात गेली. युरोपच्या न्यायालयाने 2004 साली सांगितलं, आकार देखणा असेल, पण तेवढ्यावरून तो तुमचाच ठरत नाही. जपानच्या न्यायालयाने 2007 साली मिनी मॅगलाइटच्या बाबतीत नेमका उलटा निकाल दिला. आपल्याकडे 1999च्या ट्रेडमार्क कायद्यात खोट्या मार्काला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. आळेफाट्याच्या टपरीवर, एका अक्षराच्या फरकाने, हे कोण कोणाला समजावणार?

रविवारी सकाळी पुतण्याला वेगळंच सुचलं. सदरकाराच्या बॅटरीतला सेल काढून नानांच्या बॅटरीत घातला. पहिला आकडा 230. तासाने 150. अडीच तासांनीही 90. म्हणजे निम्म्याहून अधिक खोट सेलमध्ये होती; नळी आणि चिप साडेतीनशेला तशी रास्तच म्हणायची. एक मात्र : सेल उतरल्यावर आपोआप बंद व्हायची सोय तिच्यात नाही. सेल शेवटच्या थेंबापर्यंत पिळला जातो, आणि लिथियमचा सेल अडीच व्होल्टच्या खाली नेऊन पुन्हा पुन्हा चार्ज करत राहणं धोक्याचं. पुतण्याने जुन्नरहून नोंदणी क्रमांकाचा, आत संरक्षक सर्किट असलेला सेल आणायचं ठरवलं. वाघाचा सेल काकूंनी घरात ठेवू दिला नाही. पाण्यात बुडवायची परीक्षा राहिलीच. नानांच्या बॅटरीची काच पहाटेच्या दहिवराने आतून धुरकटली होती, तेवढ्यावर भागलं.

दुपारी निघताना सदरकार पिशवी भरू लागला. साडेपाच हजारवाली ओसरीवर नव्हती, कोनाड्यात नव्हती. ती नानांच्या उशाशी होती, सुतळीचा गोफ बांधून खुंटीला अडकवायच्या तयारीत.

“नाना, ती माझी…”

“हां, ऱ्हाऊ दे हितं. आठवडाभर रातचीच लाईट हाये,” नाना म्हणाले. “तुला काय, ऑफिसातनं दुसरी मिळंल.”