पाणी सापडतं, बुरशी सुटते

१. लॅक्टोमीटर खोटं बोलत नाही. विचारलं तेवढंच सांगतो. तो पाहतो दुधाची घनता. पाणी घातलं की ती घटते, साय काढली की वाढते. दोन्ही बेताने केलं, तर नळी जागच्या जागी तरंगते! म्हणून संकलन केंद्रांवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) मोजणारी यंत्रं आली. चिठ्ठीवर दोन आकडे येतात, त्यावर दर ठरतो.

२. प्रथिनांचंही तेच. केल्डाल यांची १८८३ ची पद्धत मोजते नायट्रोजन आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब मांडते. चीनमध्ये २००८ साली पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळल्याचं उघड झालं. त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच, त्यामुळे कागदावर प्रथिनं भरली. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली.

३. आता आपल्याकडे. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीचे निघाले १२. अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेबाहेर असलेले ३६८. आपण आयुष्यभर गवळ्याच्या पाण्यावर डोळा ठेवला आणि हे विष आलं पेंडीतून. ओल धरलेल्या सरकी पेंडीवर, मक्यावर बुरशी चढते. गाय ते खाते, तिच्या यकृतात बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन बी-१चं एम-१ होतं आणि दुधात उतरतं. उकळून ते जात नाही. मर्यादा आहे किलोला अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे टनभर दुधात अर्धा मिलिग्रॅम. इतकं बारीक नेमकं मोजायला क्रोमॅटोग्राफीचं यंत्र लागतं. फॅटच्या चिठ्ठीत ते कुठून दिसणार?

४. तरी प्रत्येक कॅन प्रयोगशाळेत धाडायची गरज नाही. काही मिनिटांत निकाल देणाऱ्या चाचणीपट्ट्या मिळतात. शीतकरण केंद्रावर टँकरगणिक एक पट्टी, संशय आला तरच नमुना प्रयोगशाळेत, एवढी घडी बसवावी. आमच्या केंद्रावर अशी पट्टी मी अजून पाहिलेली नाही. खर्च मात्र दूध संघाने सोसावा, शेतकऱ्याच्या दरातून कापू नये. आणि पेंडीच्या पोत्याची तपासणी त्याआधी! ज्याने पोतं विकलं तो नामानिराळा आणि ज्याची गाय तो चोर, हे चालणार नाही.

५. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार कोणताही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. दोष निघाला तर फी परत मिळते. हे किती जणांना ठाऊक आहे? प्रत्येक दूध केंद्राच्या भिंतीवर, दरपत्रकाशेजारी, हे कलम, फीची रक्कम आणि जवळच्या प्रयोगशाळेचा पत्ता ठळक मराठीत रंगवावा. खाली मागच्या महिन्याचे निकाल, नापास टँकरसकट.