सुट्या भागाचा आराखडा कोणाच्या तिजोरीत?

जर्मनीच्या पोर्शे कंपनीने ९५९ या स्पोर्ट्स कारच्या अवघ्या २९२ गाड्या बनवल्या. पुढे तिच्या क्लचचा एक लिव्हर मिळेनासा झाला. मूठभर गाड्यांसाठी नवा साचा बनवण्याचा खर्च कोण करणार? २०१८ साली कंपनीने तोड काढल्याचे जाहीर केले. पोलादाची बारीक पूड पसरायची, संगणकातील आराखड्याप्रमाणे हवी तेवढीच लेसरने वितळवायची, त्यावर पुन्हा पूड पसरायची. थरावर थर चढून लिव्हर तयार! यालाच थ्रीडी प्रिंटिंग म्हणतात. जवळपास तीन टनांच्या भाराखाली त्या लिव्हरची चाचणीही झाली.

त्याच वर्षी बुगाटीने टायटॅनियमचा ब्रेक कॅलिपर छापून दाखवला. ४.९ किलोचा अ‍ॅल्युमिनियमचा भाग २.९ किलोवर आला. पण त्यासाठी २,२१३ थर आणि ४५ तास लागले. रोज शेकडो गाड्या बाहेर काढणाऱ्या कारखान्याला हे कसे परवडावे? म्हणून हे तंत्र आधी रमले ते कोट्यधीशांच्या गॅरेजात.

वाचक विचारतील, वकीलसाहेब, यात आपला काय संबंध? संबंध त्या लिव्हरचा आहे. आमच्या एका अशिलाचा मालवाहू टेम्पो एका सुट्या भागापायी सात महिने दारात उभा होता. कंपनीने तो भाग बनवणे बंद केले होते. कर्जाचे हप्ते मात्र बंद झाले नव्हते. २९२ श्रीमंतांच्या गाडीला जे उत्तर मिळते ते हजारोंनी खपलेल्या टेम्पोला का मिळू नये?

यंत्र नाही, ही सबब आता चालणार नाही. प्लास्टिकची तार वितळवून थर चढवण्याच्या पद्धतीचे मूळ अमेरिकन पेटंट २००९ साली संपले आणि मक्तेदारी सुटताच यंत्रे स्वस्त झाली. धातूची यंत्रे अजून महाग आहेत, पण नगावर काम करून देणारे कारखाने भारतातही आहेत.

कायदाही फारसा आडवा येत नाही. डिझाइनची नोंदणी केली नसेल आणि मालकाने पन्नासांहून अधिक नग काढले असतील, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५(२) प्रमाणे त्या डिझाइनवरील कॉपीराइट संपतो. पेटंट वीस वर्षांचे. म्हणजे जुन्या टेम्पोचा भाग बहुधा मोकळाच!

मग अडते कुठे? झिजलेला भाग मोजून आकार मिळतो. धातूचे मिश्रण, त्याला दिलेली उष्णता, चाचणीचे भार कळत नाहीत. आकार बरोबर आणि धातू चुकीचा असा ब्रेकचा भाग बसवणे म्हणजे मरणाला आमंत्रण. हे ज्ञान कंपनीच्या तिजोरीत आहे.

ही मिरासदारी आम्ही कल्पनेने रंगवत नाही. सुटे भाग आणि दोष शोधण्याची उपकरणे खुल्या बाजारात येऊ देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल उघडले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. जो भाग कंपनी बनवणे थांबवते, त्याचा आराखडा, धातूचा तपशील आणि चाचणीचे आकडे तिने सरकारजमा करावेत, एवढे एक कलम आम्हाला हवे आहे.