समजलं, असं वाटणं

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेलेली मुलं घरी दोन तऱ्हेच्या बातम्या आणतात. ‘अम्मी, फिजिक्सचे सर काय शिकवतात! सगळं डोक्यात शिरतं.’ आणि, ‘दुसऱ्या मॅडम शिकवतच नाहीत, आम्हालाच गणितं सोडवायला लावतात.’ पहिल्या बातमीने आपण खूश होतो, दुसरीने काळजीत पडतो. (स्टाफरूममध्ये आम्ही शिक्षकही एकमेकांना याच मापाने मोजतो.)

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात हेच माप तपासून पाहिलं गेलं. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला अनुभवी प्राध्यापकांनी उदाहरणं सफाईने सोडवून दाखवली. दुसऱ्या गटाला तीच उदाहरणं आधी आपसांत चर्चा करून सोडवायला लावली, मग उत्तर समजावलं. पुढच्या तासाला नवा विषय घेऊन गटांची अदलाबदल केली. प्रत्येक तासानंतर चाचणी घेतली आणि विचारलं, किती शिकलात असं वाटतं? ज्यांनी स्वतः डोकं खाजवलं त्यांना गुण जास्त मिळाले, पण ‘आपण कमी शिकलो’ असं वाटलंही त्यांनाच. नुसतं ऐकणाऱ्यांचं नेमकं उलट.

सफाईदार व्याख्यान ऐकताना सरांची सफाई आपलीच वाटू लागते. स्वतः पेन धरलं की कुठे अडतंय ते दिसतं.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेली मुलगी कॉलेजात इंग्रजीतून विज्ञान शिकू लागते, पहिल्या सहामाहीत अडखळते आणि ‘सायन्स माझ्या बसचं नाही’ असा निकाल स्वतःच लावून मोकळी होते. घरचेही म्हणतात, बेटा, बी.ए. कर. त्या अडखळण्यातच तिचं शिकणं चालू असेल, हे कुणी तिला सांगितलेलंच नसतं. हार्वर्डच्या त्याच संशोधकांनी सत्राच्या सुरुवातीलाच मुलांना ही गोष्ट समजावून पाहिली, तर त्यांचा दृष्टिकोन बदलला.

अर्थात, गणितं देऊन पुढे ढुंकूनही न पाहणारे शिक्षकही असतात. ती तक्रार खरीच.

म्हणून ‘समजलं का?’ विचारू नका, हो असंच उत्तर येतं. पुस्तक मिटायला लावा. विहिरीत सोडलेली भरली बादली पाण्यात असेपर्यंत हलकी लागते आणि पाण्याबाहेर आली की दोर हाताला का काचतो, ते दादीला घरच्या बोलीत सांगायला सांगा. दादीला प्रश्न विचारू द्या.