ग्रीस मारलंय म्हणू नका, हब उघडलाय का ते सांगा



हंगाम संपत आला. कारखान्यांचे पट्टे पडायला लागलेत, टोळ्या गावाकडं निघाल्यात. आता ट्रॅक्टर धुऊन शेडात जाईल. आणि ट्रॉल्या? ट्रॉल्या बांधाच्या कडेला, बाभळीखाली, थेट दसऱ्यापर्यंत. खंडेनवमीला त्यांना हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. पूजा झाली की ग्रीस गन घेऊन चारी चाकांच्या निप्पलवर चार-चार दाब, आणि झाली ट्रॉली हंगामाला तयार.

ही आपल्याकडची पद्धत आहे आणि ती साफ चुकीची आहे. हब उघडायचे ते दसऱ्याला नाहीत, आत्ता, पावसाच्या आधी. आणि निप्पलवर दाब मारले म्हणजे हबची देखभाल झाली, हा समज डोक्यातून काढून टाकायला पाहिजे. ज्याला पटत नाही त्यानं आधी स्वतःच्या ट्रॉलीचा एक हब उघडून बघावा, मग माझ्याशी भांडायला यावं.

इंजिनाचं ऑईल तास मोजून बदलणारा माणूस ट्रॉलीचा विषय निघाला की म्हणतो, "तिला काय होतंय, तिला इंजिन थोडंच आहे?" बरं, हिशोब करू. ९.००-१६ चा टायर एका फेऱ्यात साधारण २.८ मीटर पुढं जातो. म्हणजे किलोमीटरला साडेतीनशेच्या वर फेरे. कारखाना ३० किलोमीटरवर असेल तर एका खेपेत, नुसतं जाताना, दहा हजारांवर फेरे झाले. चारचाकी ट्रॉलीत १० टन ऊस धरा, ट्रॉलीचं स्वतःचं वजन सोडून द्या, तरी एका चाकावर अडीच टन येतात. हे सगळं वजन हबमधल्या दोन टेपर बेअरिंगवर. आणि दहा टनांवर थांबतो कोण?

रोलर बेअरिंगचा कॅटलॉगमधला नेहमीचा हिशोब असा आहे की वजन दीडपट केलं तर आयुष्य जवळपास पाव राहतं, दुप्पट केलं तर दहावा हिस्सा. ओव्हरलोडवर मी इथं भाषण देणार नाही. वाहतूकदाराचं गणित खेपेवर चालतं, हप्ते कसे भरायचे असतात ते मलाही कळतं. पण ज्या बेअरिंगवर आपण एवढा अन्याय करतो, त्याला निदान स्वच्छ वंगण आणि कोरडी जागा तरी द्या.

कोरडी जागा म्हणालो, कारण बेअरिंगचा खरा दुश्मन पाणी आहे. परदेशात समुद्राकाठी, तळ्याकाठी लोक होडी ट्रेलरवर घालून आणतात आणि ट्रेलर उलटा पाण्यात घालून होडी सोडतात. रस्त्यानं पळून हब तापलेला असतो. तो गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. त्या लोकांचं बेअरिंगचं सगळं रडगाणं या एका गोष्टीवर आहे, आणि त्यावर त्यांनी स्प्रिंगच्या कॅपपासून तेलात चालणाऱ्या हबपर्यंत नाना उपाय काढलेत. आता सांगा, आपण वेगळं काय करतो? मळीची, मातीची ट्रॉली खाली करून आलो की तापल्या चाकानिशी नदीच्या घाटावर पाण्यात उभी करतो. नाहीतर वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा नेमका हबच्या मागं, सीलवर धरतो. वर म्हणतो, बघ कशी चकाचक झाली!

धुवा, पण अर्धा तास हब गार होऊ द्या आणि फवारा सीलवर धरू नका. याला पैसे लागत नाहीत.

आता निप्पलकडं येतो. परवा शेजारच्या एका पोराची ट्रॉली उघडली. म्हणाला, "काका, कशाला उघडताय? दसऱ्याला भरपूर ग्रीस मारलंय, कॅपातनं बाहेर येईस्तोवर." उघडल्यावर दिसलं ते असं. बाहेरच्या लहान बेअरिंगपाशी आणि मधल्या पोकळीत नवं ग्रीस गच्च, रंगही बदललेला नाही. आतल्या मोठ्या बेअरिंगवर जुनं ग्रीस साबणाच्या वडीसारखं वाळलेलं, त्यात गंजाचा लाल रंग. सीलची ओठाळी मागं उलटलेली आणि तिच्यामागं ॲक्सलला पाचट आणि सुतळीचा पीळ. पोरानं ग्रीसला कंजुषी केली नव्हती. दाबानं ग्रीस सोप्या वाटेनं गेलं, मधली पोकळी भरली, पुढं जागा नाही म्हणून सीलला बाहेर ढकललं, आणि त्याच वाटेनं पाणी आत आलं. म्हणजे जास्त ग्रीस मारून त्यानं पाण्याला दार उघडून दिलं. हबची पोकळी गच्च भरायची नसते, तिसरा हिस्सा ते फार तर निम्मी पुरे. जास्त भरलं की ग्रीस घुसळून तापतं आणि पातळ होऊन गळतं. रोलरच्या मधोमध मात्र एक फट रिकामी राहता कामा नये, आणि ते काम हातानं, तळव्यावर ग्रीस घेऊन, बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबून दाबूनच होतं. गननं होत नाही.

ग्रीस कुठलं, यावर पण आपल्याकडं आनंदी आनंद आहे. दुकानदार जो डबा पुढं करील तो. स्वस्तातलं कॅल्शियमचं चेसिस ग्रीस पाण्याला चांगलं टिकतं, पण शंभर अंशाच्या आसपास वितळतं. पाट्याच्या पिनांना ते चालेल, तापणाऱ्या हबला नाही. ग्रॅफाईटचं काळं ग्रीस पाट्यांसाठी आहे. हबला लिथियमचं, वजन पेलणारं ईपी ग्रीस, आणि एकावर दुसरं मिसळायचं नाही. जात बदलायची तर जुनं पूर्ण धुऊन काढा.

आता तेलाच्या हबबद्दल. मोबाईलवर ते होडीचे ट्रेलर बघून काही तरुण मंडळी विचारतात की आपणही हबमध्ये ऑईल का टाकू नये. लगेच जुने मिस्त्री हात झटकतात, "ऑईल गळतं रे, ग्रीसच बरं." मला हा मुद्दाच उलटा वाटतो. तेल गळतं हाच त्याचा मोठा गुण आहे. सील गेलं की चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ दिसतो, धूळ चिकटते, आंधळ्यालाही कळतं. पारदर्शक कॅप असेल तर पातळी उभ्या उभ्या दिसते. पाणी शिरलं तर तेल ताकासारखं पांढुरकं होतं. ग्रीसमध्ये यातलं काहीच दिसत नाही. सील फाटलेलं, आत गंज चढलेला, तरी बाहेरून हब तेलकट आणि तुकतुकीत! शिवाय तेल फिरतं, रोलरवरची उष्णता घेऊन हबच्या अंगाला देतं, कण खाली बसतात. परदेशात जड ट्रेलरांना तेलाचे हब कित्येक दशकं चालतात.

मग मी सगळ्यांना तेल टाका म्हणतोय का? नाही म्हणत, कारण आपल्या ट्रॉल्या त्या लायकीच्या बनत नाहीत. तेलाला ॲक्सलवर सीलची जागा आरशासारखी गुळगुळीत लागते, बरोबर मापाचं सील लागतं, गॅस्केट घालून बोल्टनं बसणारी कॅप लागते, तेल ॲक्सलच्या मध्यापर्यंत आहे का हे रोज बघणारा डोळा लागतो. तेल पूर्ण गेलं तर बेअरिंग थोड्याच किलोमीटरात जळतं. ग्रीसवालं रडतखडत का होईना, अजून थोडं चालतं. आणि आपल्याकडं काय मिळतं? गावोगावच्या वर्कशॉपात ट्रॉली घ्यायला जा. मालक पत्र्याचा गेज दाखवतो, रंग दाखवतो, मागं नाव कुठल्या अक्षरात घालायचं ते विचारतो. सीलची जागा लेथवर पॉलिश केलीय का, हे विचारलं की तुमच्या तोंडाकडं बघतो. काही ठिकाणी सीलच्या नावाखाली नमद्याची रिंग. कॅप पत्र्याची, ठोकून बसवलेली. पहिल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर ती पडते, मग तिथं प्लॅस्टिकची पिशवी आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली दिसते. अशा हबला तेल टाकणं म्हणजे रस्त्याला तेल पाजणं.

आणि एक भयंकर प्रकार आहे तो वेगळा लिहितो. ग्रीसच्या हबमध्ये इंजिनाचं जळकं ऑईल ओतणं. "तेवढंच पातळ होऊन आत जातंय." जळक्या ऑईलात काजळी आणि धातूचा चुरा असतो, ते ग्रीस पातळ करून बाहेर काढतं आणि स्वतः पण गळून जातं. तेलाचा हब हा तेलासाठी बनवलेला हब असतो. ग्रीसच्या हबात तेल ओतून तो तेलाचा होत नाही.

आपले आजे-पणजे बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकवून फिरायचे. लांबच्या वाटेला चाक काढून आसाला वंगण लावल्याशिवाय गाडी जुंपत नसत. हे टेपर रोलर बेअरिंग तरी कुठून आलं? १८९८ साली अमेरिकेत ज्या हेन्री टिमकेननं त्याचं पेटंट घेतलं तो मूळचा घोडागाड्या बनवणारा माणूस. म्हणजे बेअरिंग गाडीसाठीच जन्मलं. आजा लाकडी चाक काढून बघायचा, आणि नातवाला जॅक, पाना, डिझेल सगळं घरात असून हब उघडायचा कंटाळा.

हा कंटाळा कुणाच्या अंगावर येतो ते पण बोलू. बेअरिंग जाम झालं, ॲक्सलचा शेंडा तापून तुटला किंवा नट सुटला, की चाक निघतं. रात्री दोन वाजता, दोन ट्रॉल्या मागं, पुलाच्या उतारावर. उसावर टोळीतली माणसं बसलेली असतात, कधी लेकरं पण. मागनं दुचाकीवाला येत असतो, त्याला तर ट्रॉलीच दिसत नाही, कारण रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. दुसऱ्या दिवशी गावात चर्चा होते ती ड्रायव्हर प्यालेला होता का याची. तो हब दोन वर्षं उघडला नव्हता, ही चर्चा कुणी करत नाही. मालकाला वाचवणारी चर्चा आहे ती, म्हणून मला तिचा राग येतो.

दसऱ्याऐवजी आत्ता का, तेही ऐका. हंगामात हबात शिरलेलं पाणी आत्ता आतच आहे. ट्रॉली पाच-सहा महिने एका जागी उभी राहणार, रोलर कपवर एकाच ठिकाणी टेकून राहणार, आणि प्रत्येक रोलरखाली गंजाची एक रेघ उठणार. कप काढून बघा, रोलरच्या अंतरानं ओळीत रेघा दिसतात. दसऱ्याला वरून कितीही ग्रीस मारा, त्या रेघा जात नाहीत. तिथूनच पत्रे सुटायला सुरुवात होते. आपल्या कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात तर २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत ट्रॉल्या अख्ख्या पाण्याखाली होत्या. नंतर मालकांनी पत्रा घासला, रंग मारला. त्यातल्या किती जणांनी हबातला गाळ काढला? पुरात बुडालेल्या ट्रॉलीचा हब तेव्हापासून उघडलाच नसेल, तर तो सगळ्यात आधी.

काम अवघड नाही. ट्रॉली रिकामी, सपाट जागा, बाकीच्या चाकांना दगड, जॅकसोबत लाकडाचा ओंडका. नुसत्या जॅकवर खाली जायचं नाही. बेअरिंग डिझेलात धुवा, मग पूर्ण वाळवा, कारण राहिलेलं डिझेल नवं ग्रीस पातळ करतं. कंप्रेसरच्या हवेनं बेअरिंग गरगर फिरवायचा खेळ पोरांना करू देऊ नका, रोलर सुटून डोळ्यात जातो. निळा-काळा रंग, खड्डे किंवा रेघा दिसल्या तर कोन आणि कप दोन्ही बदला. नव्या कोनाला जुना कप म्हणजे पैसे पाण्यात. सील दर वेळी नवं, त्यात काटकसर नको. ॲक्सलवर सीलच्या जागी नखाला लागेल एवढी चर पडली असेल तर लेथवाल्याकडं जा, नवं सील तिथं टिकणार नाही.

नट आवळताना चाक फिरवत आवळा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग सोडा, आणि परत हातानं लागेल एवढाच घट्ट करा. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि वर-खाली हलवलं तर कागदाच्या जाडीएवढीच हालचाल. ताकद लावून आवळलेलं बेअरिंग पहिल्याच खेपेत तापतं. शेवटी कॉटर पिन नवी. खिळा नाही, तार नाही, वेल्डिंगचा रॉड वाकवून तर अजिबात नाही.

चार चाकांना दोन माणसं आणि एक दिवस लागतो. हा दिवस ड्रायव्हरच्या माथी फुकट मारू नका, त्याची हजेरी द्या. हंगाम सुरू झाला की पहिल्या खेपेला दहा किलोमीटरवर थांबायला सांगा, चारी हबांना हाताची मागची बाजू लावायला सांगा. तीन कोमट आणि एक चटका देतोय, तर खेप तिथंच थांबवायची. आणि ड्रायव्हरनं तसा फोन केला तर त्याच्यावर ओरडायचं नाही.