शाळा कोण चालवतं?

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये फ्लेक्स झळकतात. पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो खाली, एका कोपऱ्यात. वर मोठे फोटो संस्थेच्या अध्यक्षांचे, सचिवांचे, आणि निवडणूक जवळ असेल तर आमदारांचेही. ते बघून मला दरवर्षी एकच प्रश्न पडतो. चांगल्या निकालाचं श्रेय घ्यायला इतकी माणसं आहेत, मग याच शाळेत नववीच्या वर्गाला वर्षभर गणिताचा शिक्षक नव्हता, तेव्हा जबाबदार कोण होतं?

हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारून पाहिला आहे. मुख्याध्यापक म्हणतात, जागा भरणं संस्थेच्या हातात. संस्थेचे सचिव म्हणतात, आम्ही प्रस्ताव पाठवला, शिक्षणाधिकारी मान्यता देत नाहीत. शिक्षणाधिकारी कार्यालयातले लिपिक म्हणतात, संच मान्यतेत पद बसत नाही, पटसंख्या पाहा, मुख्याध्यापकांना विचारा. चक्र पूर्ण झालं. तोवर ज्या घरात पैसा आहे, तिथल्या मुलाला क्लास लागतो. ज्या घरात नाही, तिथली मुलगी दहावीत गणितात नापास होते आणि अब्बू म्हणतात, आता बस झालं, घरातलं काम शीक.

म्हणून या अंकात मला शिक्षणाच्या महत्त्वावर भाषण द्यायचं नाही. ते तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. मला सांगायचं आहे ते खुर्च्यांबद्दल. आपलं हायस्कूल कोणकोणत्या खुर्च्यांवरून चालतं, आणि कोणत्या खुर्चीला नेमका कोणता प्रश्न विचारायचा, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

पहिली खुर्ची संस्थेची. महाराष्ट्रातली बहुतेक खासगी हायस्कूलं एखाद्या शिक्षण संस्थेची असतात, आणि या संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. सार्वजनिक हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. संस्थेला लिखित घटना असते. सभासद कोण होऊ शकतो, सर्वसाधारण सभा कधी घ्यायची, निवडणूक कशी करायची, हे त्या घटनेत असतं. दरवर्षी हिशेबाचं ऑडिट करावं लागतं. विश्वस्त बदलले तर फेरफार अहवाल द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. ही कागदपत्रं कुणाच्या घरच्या कपाटातली नसतात. धर्मादाय कार्यालयात अर्ज करून त्यांच्या नकला मागता येतात.

दुसरी खुर्ची मुख्याध्यापकांची. ही सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त दबलेली खुर्ची. वरून संस्था, बाजूने शिक्षणाधिकारी, समोर पालक. यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, आधारची पडताळणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, यातच दिवस संपतो. तरीही वर्ग वेळेवर भरतो की नाही, प्रयोगशाळेचं कुलूप उघडतं की नाही, मुलींचं स्वच्छतागृह वापरण्याजोगं आहे की नाही, हे याच खुर्चीवरून ठरतं. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याखालच्या १९८१ च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेला शाळा समिती असते. तिच्यात संस्थेचे प्रतिनिधी असतात, शिक्षकांचा एक प्रतिनिधी असतो आणि मुख्याध्यापक पदसिद्ध सचिव असतात. पालकांना तिथे जागा नाही. आपल्या शाळेची ही समिती शेवटची कधी बसली, एवढं विचारून पाहा. काही ठिकाणी सहीचं रजिस्टर बसतं, माणसं बसत नाहीत.

तिसरी खुर्ची जिल्ह्याची. १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्हा परिषदेच्या इमारतीत माध्यमिक विभागाच्या शिक्षणाधिकाऱ्यांचं कार्यालय असतं. तुमच्या शाळेला किती शिक्षक मिळणार हे पटावरून, म्हणजे संच मान्यतेतून ठरतं. नेमलेल्या शिक्षकाला मान्यता याच कार्यालयातून मिळते, आणि मान्यता मिळाली तरच वेतन पथकातून पगार निघतो. एका फाइलवर एका कुटुंबाचं पोट आणि एका वर्गाचं वर्ष अवलंबून असतं. अशी फाइल जिथे अडवता येते, तिथे काय होतं हे सांगायला नको. २०२५ मध्ये नागपुरात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण उघडकीस आलं आणि शिक्षण विभागातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली. पगाराच्या यंत्रणेत नसलेले शिक्षक घुसवले गेल्याचा तो आरोप आहे. एकीकडे कागदावरचे शिक्षक, दुसरीकडे शिक्षकाविना वर्ग.

या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारायला लोकांनी निवडून दिलेले सदस्य आणि शिक्षण समिती असते. पण २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांकडे राहिला. त्या काळात विचारणारी खुर्चीच रिकामी होती.

आता आपल्या खास मुद्द्याकडे येतो. आपल्यापैकी अनेक जण उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या अल्पसंख्याक शाळांमधून शिकले. संविधानाच्या कलम ३० ने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षण संस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. हा साधा हक्क नाही. १९७७ च्या कायद्यातून अल्पसंख्याक शाळेच्या मुख्याध्यापकाची आणि आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्तींची निवड वगळलेली आहे. म्हणजे इतर शाळांना ज्येष्ठतेच्या यादीने मुख्याध्यापक नेमावा लागतो, तेव्हा आपल्या संस्थेला सर्वांत लायक माणूस शोधण्याची मोकळीक आहे. या मोकळिकीचा उपयोग आपण कशासाठी केला? जिथे संस्थेने बाहेरून उत्तम मुख्याध्यापिका आणली, तिथे पाच वर्षांत शाळा पालटलेली मी पाहिली आहे. आणि जिथे सचिवांचा जावई किंवा पुतण्या त्या खुर्चीवर बसला, तिथे चांगले शिक्षक एकेक करून सोडून गेलेलेही पाहिले आहेत. हक्क तोच, कायदा तोच.

शिक्षण हक्क कायद्याचंही असंच. २००९ च्या या कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक शाळांत या समितीचं काम फक्त सल्ला देण्यापुरतं ठेवलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागूच होत नाही असा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवेल. माझा प्रश्न वेगळा आहे. कायद्याने सक्ती केली नाही म्हणून आईला शाळेच्या बैठकीत बसवायला आपल्याला कोणी मनाई केली आहे का? कलम ३० कुठेही असं म्हणत नाही की पालकांना बाहेर उभं करा. १९५८ मध्ये केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभार करण्याचा हक्क येत नाही. तो हक्क कौमला मिळाला आहे. एखाद्या घराण्याला नव्हे.

मला माहीत आहे, हे वाचून काही बुजुर्ग नाराज होतील. त्यांची बाजू मला समजते. १८७४ मध्ये मुंबईत बदरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम उभी केली, तेव्हापासून आजवर गावोगावी लोकांनी पोटाला चिमटा काढून शाळा काढल्या. कुणी जमीन दिली, कुणी कुर्बानीची कातडी गोळा करून आलेल्या पैशातून वर्ग बांधले. शिक्षकांनी अर्ध्या पगारावर वर्षं काढली. त्या पिढीचे उपकार फिटणारे नाहीत. पण म्हणूनच विचारायला हवं. ज्यांनी कातडी गोळा करून शाळा बांधली, त्यांनी ती सर्वांसाठी बांधली होती.

दुसरी भीती जास्त खरी आहे. आपणच आपल्या संस्थांवर बोट ठेवलं तर आधीच टपून बसलेल्यांच्या हातात कोलीत मिळेल. मी या भीतीची थट्टा करणार नाही. आजच्या वातावरणात ती अनाठायी नाही. पण ज्या संस्थेचे हिशेब चोख आहेत, ज्या समितीच्या बैठका होतात, जिथल्या नेमणुका जाहिरात देऊन होतात, त्या संस्थेला बाहेरचा कोणी सहज हात लावू शकत नाही. तपास यंत्रणेला सापडतो तो अंधारातला कागद. घरातला दिवा आपण लावला, तर बाहेरच्याला टॉर्च घेऊन यायचं निमित्त उरत नाही.

मग करायचं काय? मोर्चा शेवटी. आधी वाचन. आपल्या शाळेच्या संस्थेची घटना मिळवा आणि सभासदत्वाच्या अटी पाहा. वयात बसत असाल तर रीतसर अर्ज करा. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. अनुदानित शाळा सरकारी पैशावर चालते, म्हणून ती माहितीच्या अधिकारात येते. दहा रुपयांच्या अर्जावर मंजूर पदं किती, रिकामी किती, कधीपासून, आणि त्यासाठी पाठवलेल्या प्रस्तावांच्या तारखा काय, हे विचारता येतं. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. त्या तारखा हातात आल्या की चक्र थांबतं, कारण प्रस्ताव कोणाच्या टेबलावर पडून आहे ते कळतं. संस्थेकडे अडला असेल तर संस्थेशी बोला. जिल्ह्यात अडला असेल तर संस्थेच्या बाजूने उभे राहा आणि मुख्याध्यापकांना घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. मुख्याध्यापक एकटे जातात तेव्हा त्यांना बाकावर बसवतात. सोबत वीस माजी विद्यार्थी आणि दहा अम्म्या असल्या की खुर्ची मिळते.

आणि विचारताना अदब सोडू नका. ज्या सरांनी आपल्याला अलिफ-बे किंवा अ-आ शिकवलं, त्यांच्याशी आवाज चढवून बोलायचं नाही. प्रश्न माणसाला नाही, खुर्चीला विचारायचा. उद्या त्या खुर्चीवर तुमच्यापैकी कुणीतरी बसेल, शिक्षणाधिकारी म्हणून, मुख्याध्यापिका म्हणून, विश्वस्त म्हणून. तेव्हा एखादी नववीतली मुलगी विचारेल, आम्हाला गणिताचे सर कधी मिळणार? तिला देण्यासाठी तुमच्याकडे तारीख असली पाहिजे.