हायब्रिड गाडी, बसलेली बॅटरी आणि आपली गॅरेजची पोरं

पुसदमध्ये हायब्रिड गाडी घ्यावी का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, महिन्यातून किती वेळा बाहेर काढणार? उत्तर बहुतेक वेळा "दवाखान्याला, लग्नाला, ईदला" असंच येतं. मग माझं मत ठरलेलं असतं. घेऊ नका. हायब्रिडची बचत थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी रहदारीत दिसते. ब्रेक दाबला की वाया जाणारी शक्ती मोठ्या बॅटरीत साठते आणि पुढे तीच गाडी ओढायला मदत करते. शेडमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीला कसला ब्रेक आणि कसली बचत! तिच्यासाठी मोजलेले जास्तीचे पैसे पेट्रोलमधून कधीच वसूल होत नाहीत.

पण माझं ऐकतो कोण. २०२२ मध्ये हायरायडर, ग्रँड विटारा आणि इनोव्हा हायक्रॉस आल्या आणि 'हायब्रिड' हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. आखातात नोकरी करणारी मुलं आई-वडिलांसाठी गाडी घेऊन ठेवतात. माझ्या मामेभावानेही घेतली. तो रियाधला, गाडी पुसदला, मामू सत्तरीच्या घरात, आणि चालवायला बोलावून आणलेला ड्रायव्हर.

जूनमध्ये मामूंना हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायला नांदेडला न्यायचं होतं. सकाळी सहाला किल्लीचं बटण दाबलं तर दरवाजाच उघडेना. अशा किल्लीच्या पोटात एक छोटी लोखंडी किल्ली लपवलेली असते, तिने दरवाजा उघडला. आत सगळा अंधार. ड्रायव्हर म्हणाला, धक्का मारू. हायब्रिड धक्क्याने सुरू होत नाही. मोहल्ल्यातल्या गॅरेजमधून दोन पोरं आली, बॉनेट उघडून नारंगी वायरी पाहिल्या आणि हात मागे घेतले. "सर, ये हायब्रिड है, इसमें हाथ नहीं डालते. कंपनी में ले जाओ." कंपनीच्या वर्कशॉपने फोनवर सांगितलं, टो करून आणा. शेवटी मामू रिक्षाने बस स्टँडवर गेले आणि एसटीने नांदेडला.

दुपारी मी गाडीची पुस्तिका उघडली. जाडजूड आणि इंग्रजीत. बसलेल्या बॅटरीचं प्रकरण सापडायला वेळ लागला, पण वाचलं तेव्हा कळलं की यात कंपनीत नेण्यासारखं काहीच नव्हतं. हायब्रिड गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, गाडी ओढणारी. दुसरी साधी बारा व्होल्टची शिसे-आम्लाची, जी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधली त्याच जातीची. बसते ती ही दुसरी.

लोक विचारतात, मोठी बॅटरी भरलेली असताना गाडी मेलेली कशी? शेतावरची मोटर आठवा. विहीर तुडुंब भरलेली असली तरी आधी पंपात पाणी भरल्याशिवाय मोटर पाणी उचलत नाही. गाडी बंद केली की मोठी बॅटरी रिलेने तोडलेली असते. तो रिले जोडायला, गाडीचे कॉम्प्युटर जागे करायला बारा व्होल्टच लागतात. ती छोटी बॅटरी बसली की मोठीचा काही उपयोग नाही.

आणि ती बसते कशी? बंद गाडीही थोडी-थोडी वीज खात असते. किल्ली जवळ आली का हे ती सारखं बघत असते, शिवाय घड्याळ, अलार्म. समजा ५० मिलीअँपिअर. दिवसाला १.२ अँपिअर-तास झाले. ४० अँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम महिनाभर पुरेल, आणि गाडी सुरू न होण्याची वेळ त्याच्या बरीच आधी येईल. त्यात आपला विदर्भातला मे महिना. उन्हाने बॅटरी आपोआप लवकर उतरते आणि तिचं आयुष्यही घटतं.

मामूंच्या घरी तर वेगळीच गंमत होती. घरातला मुलगा दर जुम्याला गाडी "चालू" करून अर्धा तास ठेवायचा. ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबलं की फक्त पडदा आणि दिवे लागतात. समोर 'रेडी' असं येत नाही. 'रेडी' नसेल तर छोटी बॅटरी चार्ज होत नाही, उलट उतरते. म्हणजे बिचारा दर आठवड्याला प्रामाणिकपणे बॅटरी उतरवत होता! त्याला दोष देता येत नाही. हायब्रिड खरोखर सुरू झाली तरी इंजिनचा आवाज येईलच असं नाही, मग सुरू आणि बंद यातला फरक त्याला कळणार कसा? गाडी ताब्यात देताना त्याला नाही तरी निदान मामूंना हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं. हारासोबत फोटो काढायला मात्र वेळ होता.

संध्याकाळी मोहल्ल्यातल्या बॅटरीवाल्याला बोलावलं. त्याने मीटर लावला. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, ही बरीच खाली होती. काही मॉडेलमध्ये बॅटरी मागे असते आणि जंप देण्यासाठी बॉनेटखाली वेगळं टोक दिलेलं असतं, ते पुस्तिकेच्या चित्रावरून शोधलं. लाल वायर आधी इकडच्या प्लसला, मग दुसऱ्या बॅटरीच्या प्लसला. काळी आधी दुसऱ्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटी बंद गाडीच्या बॅटरीपासून दूर, उघड्या धातूच्या भागाला. पाच मिनिटांत 'रेडी'. एक सावधगिरी त्याला माहीत होती, मला नव्हती. ट्रकवरून जंप द्यायचा नाही, कारण बहुतेक ट्रकची वीज चोवीस व्होल्टची असते. सगळे कॉम्प्युटर जळतील. नारंगी वायरींना मात्र त्यानेही हात लावला नाही आणि ते बरोबरच होतं. शिकल्याशिवाय तिथे कुणीच हात लावू नये. हायब्रिडवरून दुसऱ्या गाडीला जंप देणंही अनेक कंपन्या मना करतात.

मला खरी काळजी त्या दोन पोरांची वाटते. आपल्या समाजातली कितीतरी घरं गॅरेज, पंक्चर, वायरिंग आणि बॅटरी यांवर चालतात. उस्तादाच्या हाताखाली दहाव्या वर्षी उभं राहून शिकलेली ही पोरं कार्बोरेटर डोळे मिटून खोलतील. पण बारा व्होल्टचं रोजचं काम 'हायब्रिड' या एका शब्दामुळे त्यांनी सोडून दिलं. असंच चाललं तर दहा वर्षांत त्यांच्याकडे येतील फक्त जुन्या गाड्या, त्याही कमी होत जाणाऱ्या. कौशल्य त्यांच्याकडे आहे, अडतं ते भाषेपाशी. मी भाषा शिकवतो म्हणून मला हे जास्त टोचतं. मराठी आणि उर्दू वाचणाऱ्या मुलाने सातशे रुपयांच्या कामासाठी इंग्रजी पुस्तिकेसमोर हात टेकावेत, ही शरमेची गोष्ट आहे. आपल्या अंजुमनांनी, शाळांनी बक्षीस समारंभाचे एक-दोन हार कमी करून उन्हाळ्यात गॅरेजच्या पोरांसाठी पंधरा दिवसांचा वर्ग घ्यावा. आयटीआयचे निदेशक बोलावले तर येतील.

मामूंच्या गाडीचं आता असं ठरलंय. आठवड्यातून एकदा ती निदान अर्धा-पाऊण तास रस्त्यावर जाते. कुणालाच वेळ नसेल तर तासभर 'रेडी'वर ठेवायची, पण शटर उघडं टाकून, कारण इंजिन मध्येच आपोआप सुरू होतं आणि बंद शेडमधला धूर जीव घेतो. किल्ली गाडीपासून लांब, घरातल्या कपाटात. मामेभाऊ आधी कुरकुरला, "दुसऱ्यांना देऊ नका, ओरखडे पडतील." मामींनी त्याला फोनवर सांगितलं की गल्लीतल्या कुणालाही दवाखान्यात जायचं असेल तर गाडी जाईल, पेट्रोल ज्याचं त्याने टाकायचं. गेल्या महिन्यात ती तीनदा यवतमाळला जाऊन आली.

जंप कसा द्यायचा आणि 'रेडी' कसं ओळखायचं, हे मी चित्रांसह एक पान मराठीत आणि एक उर्दूत लिहून त्या गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलं आहे. ज्यांना हवं त्यांनी उतरवून घ्यावं.