पिंपातले विष

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातले परासिया हे कोळसा खाणींच्या पट्ट्यातले गाव. 2025 च्या सप्टेंबरात तिथल्या लहान मुलांना साधा सर्दी-ताप आला, त्यांना कोल्ड्रिफ नावाचे सिरप पाजण्यात आले आणि काही दिवसांत मुलांची लघवीच बंद झाली. जवळचे मोठे शहर नागपूर. त्यामुळे आईबापांनी पोरांना घेऊन नागपूर गाठले. तिथे डायलिसिस झाले, तरी त्यातली बरीच मुले वाचली नाहीत. मूत्रपिंडाच्या बायोप्सीत विषबाधेच्या खुणा दिसल्या, तेव्हा कुठे संशयाची सुई औषधाकडे वळली. वीसहून अधिक मुले दगावली; त्यातली बहुतेक पाच वर्षांच्या आतली होती. तमिळनाडूच्या औषध प्रशासनाने कांचीपुरम जिल्ह्यातल्या श्रीसन फार्मास्युटिकल्सच्या त्या बॅचची तपासणी केली, तर तिच्यात डायइथिलीन ग्लायकॉल 48.6 टक्के निघाले. परवानगी आहे 0.1 टक्क्याची.

हे विष सिरपमध्ये येते कसे, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. औषध विरघळवण्यासाठी सिरपमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन घालतात. बाजारात हा माल दोन दर्जांचा मिळतो, औषधी आणि औद्योगिक. औद्योगिक माल स्वस्त असतो. ब्रेक ऑइल आणि शाईच्या धंद्यात वापरले जाणारे डायइथिलीन ग्लायकॉल त्याहून स्वस्त, आणि दिसायला तसेच: रंगहीन, दाटसर, चवीला गोड. पिंप कारखान्याच्या दारात येते तेव्हा सोबत विक्रेत्याचे प्रमाणपत्र असते. त्या कागदावर विसंबून माल टाकीत ओतायचा, की सील तोडून नमुना काढायचा, तो गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर चालवायचा आणि निकाल हाती येईपर्यंत पिंप बाजूला ठेवायचे, एवढाच काय तो प्रश्न. औषध नियमांनी दुसरा मार्ग सक्तीचा केलेला आहे. पण त्यात यंत्र आले, रसायनतज्ज्ञाचा पगार आला आणि उत्पादनाचा खोळंबाही आला. हे सारे वाचवून एका बाटलीमागे किती सुटत असतील? मुलांचे प्राण गेले ते या चिल्लर हिशेबापायी. श्रीसनच्या कारखान्यात नंतर झालेल्या तपासणीत साडेतीनशेहून अधिक त्रुटी आढळल्या. त्या काही एका रात्रीत उगवल्या नव्हत्या. मालकाला अटक झाली, परवाना रद्द झाला. मात्र इतकी वर्षे त्या दारातून आत कोण गेले आणि काय पाहून बाहेर आले, हे सांगायला कोणी पुढे येत नाही.

महाराष्ट्राने यावर हळहळून थांबू नये, कारण हेच विष मुंबईने पाहिलेले आहे. 1986 च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले 14 रुग्ण दगावले. औषधी दर्जाच्या नावाखाली औद्योगिक माल रुग्णालयात पोहोचला होता आणि त्यात डायइथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि तिथून मंत्रालयापर्यंतच्या लागेबांध्यांची लक्तरे वेशीवर टांगली. तो अहवाल आजही वाचण्याजोगा आहे. तो वाचताना नावे तेवढी बदलावी लागतात. त्याआधी, 1937 मध्ये अमेरिकेत याच रसायनाने शंभरावर बळी घेतले होते आणि पुढच्याच वर्षी तिथे नवा औषध कायदा आला. आपल्याकडे जे. जे. नंतर गुरुग्राम झाले, 2019-20 च्या हिवाळ्यात जम्मूतले रामनगर झाले. 2022 मध्ये गांबियात सुमारे 70 मुलांच्या मृत्यूंशी हरयाणातल्या मेडन फार्मास्युटिकल्सच्या सिरपांचे नाव जोडले गेले. पाठोपाठ उझबेकिस्तानातून तशीच बातमी आली.

जगात नाचक्की झाल्यावर केंद्राने 1 जून 2023 पासून निर्यातीच्या प्रत्येक खोकल्याच्या औषधाला सरकारी प्रयोगशाळेचा दाखला बंधनकारक केला. हे योग्यच झाले. पण देशात विकल्या जाणाऱ्या बाटलीला ही अट लागू केली नाही. बंदरावर तपासणी आणि परासियाच्या दुकानात रामभरोसे, हा दुजाभाव कोणत्या तर्कात बसतो? डिसेंबर 2023 मध्ये औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिनचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, तशी सूचना वेष्टनावर छापावी, असे बजावले होते. कोल्ड्रिफमध्ये हीच जोडी होती. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला बाटलीमागे दहा टक्के कमिशन मिळत होते, असे मध्य प्रदेश पोलिसांनी न्यायालयात सांगितले. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण डॉक्टरांना भेटवस्तू आणि सहली देण्यास मनाई करणारी जी विपणन संहिता केंद्राने मार्च 2024 मध्ये आणली, तिला दात नाहीत हे उघड आहे. तक्रार आल्यास ऐकायची ती उद्योगाच्याच संघटनेच्या समितीने. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याचाच हा प्रकार.

लहान कारखानदारांचे म्हणणे असे की, सरकारी निविदेत सर्वांत कमी दराला माल घेतला जातो, मग दर्जा कुठून आणायचा? यात तथ्य नाही असे नाही. निविदा काढणाऱ्यांनीही आरशात पाहावे. पण स्वस्त म्हणजे सदोष हे समीकरण आम्हाला मान्य नाही. मुंबईच्याच सिप्लाने 2001 मध्ये एड्सवरची तिहेरी औषधे दिवसाला एका डॉलरहून कमी दराने देऊ केली. त्याने आफ्रिकेतल्या असंख्य रुग्णांचे आयुष्य वाढले आणि कंपनीही बुडाली नाही. नफ्याला कोणाचीच हरकत नाही. हरकत आहे ती चाचणी गाळून मिळवलेल्या नफ्याला, आणि तो मिळवणे सरकारने सोपे करून ठेवले आहे. 2023 च्या जनविश्वास कायद्याने निकृष्ट औषधांचे काही गुन्हे पैसे भरून मिटवण्याची सोय झाली. उत्पादनाचे सुधारित निकष, म्हणजे शेड्यूल एम, लहान उद्योगांसाठी 2025 च्या अखेरपर्यंत लांबवण्यात आले. छिंदवाड्यातली मुले त्या मुदतवाढीच्या काळातच गेली.

उपाय शोधायला नवी समिती नको. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने 2003 मध्येच सांगून ठेवले आहे: दर पन्नास कारखान्यांमागे एक निरीक्षक, दर दोनशे औषध दुकानांमागे एक, आणि केंद्रात बळकट औषध प्राधिकरण. निरीक्षकांच्या रिकाम्या जागांचे रडगाणे महाराष्ट्राला नवे नाही. त्या भरण्यासाठी दिल्लीकडे बोट दाखवण्याचे कारण नाही, कारण कारखान्यांना परवाने राज्य देते आणि तपासणीही राज्याचीच जबाबदारी आहे. तेव्हा राज्य सरकारने दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक औषध कारखान्याचा तपासणी अहवाल लोकांना वाचता येईल असा संकेतस्थळावर टाकावा, आणि राज्यात विकल्या जाणाऱ्या मुलांच्या प्रत्येक सिरपच्या बॅचचा ग्लायकॉल चाचणीचा निकाल दुकानात माल जाण्याआधी जाहीर करावा. हे कधीपासून होणार, त्याची तारीख अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी येत्या अधिवेशनात सभागृहात सांगावी.